अकरा गोळ्या, त्यांतली एक माझी

माझं औषधांचं दुकान पंचवटीत आहे आणि दुकानाच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, एका मानसोपचार तज्ज्ञांचा दवाखाना होता. जिना उतरून माणसं थेट माझ्या काउंटरवर यायची. हातात चिठ्ठी आणि चेहऱ्यावर थोडी सुटका. डॉक्टरांनी काहीतरी लिहून दिलंय, म्हणजे आता काहीतरी होईल. मी चिठ्ठी वाचायचो, कपाटातून स्ट्रिपा काढायचो, कात्रीनं हव्या तेवढ्या गोळ्या कापायचो आणि पाकिटात घालून द्यायचो. सोळा वर्षं हेच केलं. त्यांतली आठ वर्षं त्या चिठ्ठ्यांमध्ये एक चिठ्ठी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची असायची.

याबद्दल मी फारसं कुणाशी बोललो नाही. मुळात मी बोलका माणूस नाही. काउंटरच्या आतल्या माणसाला बोलावं लागत नाही, बहुतेक म्हणूनच मला तो धंदा मानवला. आता लिहायला बसलो ते रागानं. राग वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा आहे, त्यांच्या चिठ्ठ्यांचा आहे, त्या सगळ्या पद्धतीचा आहे. पण त्यात माझा वाटा किती होता हे झाकून ठेवलं, तर त्या रागाला काही अर्थ उरत नाही. म्हणून तेही सांगतो.

बहीण एका शाळेत चित्रकला शिकवायची. फळ्यावर खडूनं एका झटक्यात वर्तुळ काढायची. पाचवी-सहावीची पोरं मोठा लाकडी कंपास लावून ते तपासायची आणि चूक सापडली नाही की चिडायची. ग्रेड परीक्षांना बसणारी मुलं सुट्टीच्या दिवशी आमच्या घरी येऊन बसायची. हात हेच तिचं सगळं होतं. ती स्वतः तसं म्हणायची, "माझं डोकं बिनकामाचं आहे रे दादा, पण हात शहाणा आहे."

माझ्या दुकानात हरसूल, पेठ या बाजूनं एस.टी.नं येणारी बरीच माणसं असायची. पाकिटावर 'सकाळ', 'दुपार', 'रात्र' लिहून त्यांतल्या अनेकांना उपयोग नसायचा. एके रविवारी ती दुकानात आली होती, तिनं हे पाहिलं आणि काउंटरवरच तीन चित्रं काढून दिली. डोंगरामागून उगवणारा सूर्य, डोक्यावर आलेला सूर्य आणि चंद्रकोर.

"सकाळच्या सूर्याला डोळे काढू का?"

"नको. औषधाचं पाकीट आहे ते."

"म्हणूनच काढते. घेणाऱ्याला कुणीतरी बघतंय असं वाटू दे."

मेनरोडला जाऊन मी त्याचे रबरी शिक्के करून घेतले. डोळेवाला सूर्य पुढे पंधरा वर्षं माझ्या पाकिटांवर होता. पुढे तिच्याच गोळ्या त्या पाकिटांतून तिला जायच्या.

तिचं बिनसलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. खरं म्हणजे लहानपणापासून ती तशीच होती, आम्ही त्याला 'स्वभाव' म्हणायचो. एखादं माणूस आवडलं की ते देव, आणि त्यानं दोन दिवस फोन केला नाही की त्याच्याइतकं नीच कोणी नाही. शाळेतल्या एका मैत्रिणीची बदली झाली तेव्हा हिनं चार दिवस अन्न घेतलं नाही. आई म्हणायची, "अगं, माणसं काय मरतात का बदली झाल्यावर?" ती म्हणायची, "माझ्यासाठी मरतात." रागाच्या भरात काचेचा पेला फोडला, मग तासाभरानं आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत बसली. त्यानंतर एकदा आईला तिच्या हातावरच्या जखमा दिसल्या, स्वतःच केलेल्या. त्याच दिवशी मी तिला वरच्या मजल्यावर नेलं. जिना माझ्याच दुकानाच्या बाजूनं जात होता. लांब कशाला जायचं, असा साधा हिशोब.

डॉक्टर माझे ओळखीचे, वयानं मोठे, बोलायला गोड. त्यांनी तिला काही प्रश्न विचारले, मग तिला बाहेर बसवून मला आणि आईला आत बोलावलं. ते म्हणाले, "हा स्वभावाच्या घडणीचा आजार आहे. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी म्हणतात. याला औषध असं नाही."

आईनं विचारलं, "मग हो?"

"लक्षणांना देता येतं ना."

आणि त्यांनी तीन गोळ्या लिहिल्या. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय. याला औषध नाही, असं म्हणता म्हणता त्यांचं पेन चालत होतं. उदास वाटतं त्याला एक, राग येतो त्याला एक, झोप लागत नाही त्याला एक. तिला भीती कसली वाटते, कुणी सोडून जाईल असं का वाटतं, हे कुणी विचारलं नाही. ते विचारायला वेळ लागतो. त्यांच्याकडे बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली असायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला चहा गार होण्याइतकाही वेळ यायचा नाही. हे मला माहीत होतं, कारण जिन्यावरची पावलं मी रोज ऐकत होतो. माणूस वर गेला आणि मी एका गिऱ्हाइकाचं पाकीट भरून होईपर्यंत खाली आला.

दर महिन्याला चिठ्ठी यायची. तिच्यावर 'आधीचं सगळं चालू' असं असायचं आणि त्याखाली अधूनमधून एक नवं नाव. एखादी गोळी का सुरू केली, किती दिवसांसाठी केली, कधी थांबवायची, हे कुठंच लिहिलेलं नसायचं. बेरीज सगळे करत होते, वजाबाकी कुणाचंच काम नव्हतं. आठवड्यातून दोनदा टाय लावलेले कंपन्यांचे प्रतिनिधी बॅगा घेऊन जिना चढायचे आणि पंधरवड्यात त्यांच्या गोळीचं नाव माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर दिसायला लागायचं. मी ते नाव वाचून माल मागवायचो. मला यातलं सगळं समजत होतं. मी फार्मसी शिकलोय. कोणती गोळी कोणत्या गोळीवर बसते, कोणती दुसरीचा त्रास वाढवते, हे मला पाठ होतं. मी कधी वर जाऊन विचारलं नाही. खालच्या मजल्यावरच्या माणसानं वरच्या मजल्याला प्रश्न विचारायचा नसतो, असा आमच्यात एक न बोललेला नियम होता आणि माझं दुकान त्या नियमावर उभं होतं.

एकदा हरसूलकडची एक बाई मुलाची औषधं घ्यायला आली होती. पाकिटं मी तिच्यासमोर एकेक करून मांडली. तिनं ती बोटानं मोजली आणि माझ्याकडे पाहिलं.

"दादा, ही समदी एकाच डोक्याची हायती का?"

"हो, मावशी."

"एकाच डोक्याला येवढी? मंग डोकं ऱ्हातं कुठं?"

काउंटरवरची दोन-चार माणसं हसली. मीही हसलो. ती हसली नाही. "आमच्याकडं बैलाला बी येका टायमाला येकच औषिध देत्यात," असं म्हणून तिनं पाकिटं पदरात बांधली. तिनं विचारलं ते मी विचारायला हवं होतं. शिकलेला मी होतो.

आता माझ्या गोळीबद्दल.

माझं लग्न लांबत चाललं होतं. घरात बहीण 'अशी' आहे, हे कानोकानी झालेलं होतं आणि दोन ठिकाणांहून बोलणी होऊन मोडली होती. मी वयाची बत्तीस वर्षं ओलांडल्यावर लासलगावच्या एका घरातून स्थळ आलं. कांद्याच्या बाजारात त्यांचा अडतीचा व्यवसाय. मुलगी बघून झाली, पसंत पडली, आणि शनिवारी तिच्याकडची माणसं आमचं घर बघायला यायची ठरली. त्यानंतर चार दिवसांनी, बुधवारी साखरपुडा.

त्या शनिवारी बहीण पहाटेच उठली. मी उठलो तेव्हा ती दारात रांगोळी काढत होती. मोराची होती, पिसाऱ्यात प्रत्येक डोळा वेगळ्या रंगाचा, आणि जमिनीवर एकही ठिपका न मांडता सरळ हातानं काढलेली. ती खूप खुशीत होती. म्हणाली, "वहिनीला पहिल्यांदा ही दिसली पाहिजे." वहिनी त्या दिवशी येणारच नव्हती, फक्त तिचे वडील-काका येणार होते. तिच्या खुशीचीच मला भीती वाटली. तिची खुशी जेवढी वर जायची तेवढीच मग खाली यायची, आणि मधे काय होईल सांगता येत नसे. पाहुण्यांपैकी कुणी एखादा शब्द वाकडा बोललं तर. ती त्यांच्यासमोर रडली तर. बाही वर गेली आणि हात दिसले तर.

मी दुकानात गेलो, तिला रात्री दिली जाणारी झोपेची गोळी घेतली, घरी आलो आणि दोन गोळ्या कुटून तिच्या सकाळच्या चहात घातल्या. आईला सांगितलं. आई म्हणाली, "काही होणार नाही ना रे?" मी म्हणालो, "मला कळतं त्यातलं." हे वाक्यही मी आठवत राहतो.

दहा वाजेपर्यंत ती आतल्या खोलीत गाढ झोपली. बारा वाजता पाहुणे आले. दारातच थांबले.

"व्वा. कुणी काढली ही?" मुलीच्या काकांनी विचारलं.

आई म्हणाली, "शेजारच्या मुलीनं."

"आणि तुमची मुलगी? चित्रकलेच्या बाई आहेत ना त्या?"

"शाळेची सहल गेलीय," मी म्हणालो. "त्र्यंबकेश्वरला."

त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, दुकान कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. जाताना रांगोळीवर पाय पडू नये म्हणून ते कडेकडेनं गेले. ती संध्याकाळी उठली तेव्हा तिनं विचारलं, "आले नाहीत का?" आई म्हणाली, "येऊन गेले. तू झोपली होतीस."

रविवारी, सोमवारी, मंगळवारी तिच्या चहात एकेक गोळी होती. बुधवारी साखरपुड्याच्या दिवशी पुन्हा दोन. साखरपुड्याला ती आली नाही. "बरं नाही तिला," असं सांगितलं, आणि ते एका अर्थानं खरंच झालं होतं.

गुरुवारी तिची वर दाखवायची तारीख होती. ती टाळावी असं माझ्या मनात आलं होतं, पण आई म्हणाली, "तारीख कशी चुकवायची?" तिला धरून जिना चढवावा लागला. डॉक्टरांनी काही विचारलं, तिनं एका शब्दात उत्तर दिलं. त्यांनी आईकडे पाहिलं.

"किती दिवस असं?"

"शनिवारपासून," आई म्हणाली. "दिवसभर झोपतेय. जेवतही नाही धड." मग आईनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन असं तिला वाटलं असावं.

मी बोललो नाही.

डॉक्टर म्हणाले, "डिप्रेशन खोल चाललंय. उचलायला लागेल," आणि एक नवी गोळी लिहिली, सकाळची, डोळेवाल्या सूर्याच्या पाकिटातली. मी चिठ्ठी घेऊन खाली आलो आणि ती स्वतःच्या हातानं कापून दिली. तिच्यावर पाच दिवस मी झोप टाकली होती आणि आता त्या झोपेवर औषध सुरू झालं होतं. एक शब्द बोललो असतो तर ते कागदावर आलं नसतं. पण तो शब्द बोलायचा म्हणजे, मी काय केलं हे डॉक्टरांना कळणार, मग कदाचित कंपाउंडरला, मग कदाचित लासलगावपर्यंत.

पुढचं सगळं त्या गोळीतून निघालं. मी हे अंदाजानं म्हणत नाही, मी ते काउंटरवरून पाहिलंय. माझं गुपित औषध थांबलं, ती जागी झाली, आणि उठवणारी गोळी चालूच. महिन्याभरात तिला झोप लागेना, पाय स्वस्थ राहीनात, बोलणं थांबेना. पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, आता मूड वर गेलाय, म्हणजे मूडचाही आजार आहे. लिथियम सुरू झालं. लिथियम घेणाऱ्याचं रक्त ठरावीक काळानं तपासायचं असतं. दोन वर्षांत ते एकदा तपासलं गेलं, तेही मी आडून सुचवल्यावर. रागाची गोळी वाढवली, तर चालणं ताठ झालं. ताठपणा जावा म्हणून आणखी एक, तर तोंड कोरडं पडायला लागलं आणि जवळचं धूसर दिसायला लागलं. मग पोटात जळजळ होते म्हणून आणखी एक. 'आधीचं सगळं चालू' ही ओळ मात्र दर महिन्याला तशीच. सात प्रकारच्या गोळ्या, दिवसाला अकरा. आई म्हणाली होती की ती गोळ्यांची नावं वाचते, मग घाबरते, म्हणून स्ट्रिपचा नावाचा भाग मी कापून दुकानातच ठेवायचो आणि तिला पाकिटात नुसत्या गोळ्या जायच्या. माझ्या सख्ख्या बहिणीला ती काय खाते हे माहीत नव्हतं.

आणि तिचे हात थरथरायला लागले.

एके दिवशी ती शाळेतून लवकर घरी आली. मी जेवायला आलो होतो. तिनं सांगितलं की फळ्यावर वर्तुळ काढलं आणि पोरं हसली. कंपास लावायची गरजही पडली नाही. तिनं पुसून पुन्हा काढलं, पुन्हा हसली. ती वर्गातून बाहेर पडली. हे सांगताना तिनं उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता, जणू तो कुणी दुसऱ्याचा होता आणि पळून जाईल. त्या वर्षाअखेरीला तिनं नोकरी सोडली. शाळेनं काढलं नाही. मुख्याध्यापकांनी समजुतीनं घेतलं, 'विश्रांती घ्या, बाई' म्हणाले. आमच्याकडे माणसाला बाहेर काढायची हीच रीत आहे.

एव्हाना माझं लग्न झालं होतं. पहिल्या दिवाळीला बहिणीनं थरथरत्या हातानं दारात मोर काढायचा प्रयत्न केला. रेघा तुटल्या होत्या, पण पिसाऱ्यातले डोळे तेच होते. बायकोनं पाहिलं आणि सहज म्हणाली, "आमचे काका सांगत होते ती रांगोळी अशीच होती." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. तिला किती कळलं होतं हे मी कधी विचारलं नाही. तिनंही नाही.

एकविसावं शतक उजाडून चार-पाच वर्षं झाली तेव्हा वरच्या डॉक्टरांनी वयामुळे दवाखाना कमी केला आणि बायकोच्याच आग्रहानं आम्ही गंगापूर रोडच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या तासतास वाट बघायला लावायच्या आणि तोंडावर फटकळ होत्या. पहिल्याच फोनवर त्यांनी सांगितलं, "घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. चिठ्ठ्या नंतर."

पिशवी टेबलावर रिकामी झाली. त्यांनी आईला नाही, मला नाही, तिला विचारलं, "ही कशासाठी घेता?"

"माहीत नाही," बहीण म्हणाली. "दादा देतो."

"आणि ही?"

"तीही दादा देतो."

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. मी एकेक गोळी उचलून सांगत गेलो: नाव, काम, कधी सुरू झाली, का. सहा गोळ्यांचं मी बरोबर सांगितलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्या विषयावर एवढं बोललो असेन. सातवी हातात घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही?"

"आधीच्या डॉक्टरांनी. डिप्रेशन खोल गेलं होतं. पाच दिवस उठलीच नाही."

"अचानक?"

"हो."

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "या आजाराला गोळ्या फारशा उपयोगाच्या नसतात. एखादी, थोड्या काळासाठी, फार त्रास असला तर. ह्यांना बोलायला यावं लागेल, दर आठवड्याला, बहुतेक काही वर्षं. गोळ्या मी एकेक करून कमी करेन, सावकाश. एकदम बंद करायच्या नाहीत, त्यात धोका असतो. आणि ही," त्यांनी सातवी बाजूला ठेवली, "ही शेवटी. एवढं मोठं डिप्रेशन येऊन गेलंय, तर हिला हात लावायची घाई नको."

म्हणजे माझं खोटं दुसऱ्या डॉक्टरच्या वहीतही जाऊन बसलं.

वजाबाकीचं ते दीड वर्ष सोपं नव्हतं. आई दोनदा म्हणाली की जुन्या डॉक्टरांकडे जाऊ, तेव्हा निदान घरात शांतता होती. खरंच होती. झोपलेल्या माणसाच्या घरात असते तशी. आता बहीण भांडायची, दार आपटायची, डॉक्टरीणबाईंना फोन करून शिव्या द्यायची आणि तरी दर गुरुवारी त्यांच्याकडे जायची. हात हळूहळू स्थिर व्हायला लागले. जवळचं दिसायला लागलं. आठ वर्षांनी तिनं माझी एक चूक काढली. दुकानाच्या पाटीवरचा एक काना वाकडा रंगवलाय म्हणाली, आणि तो होताही.

एका गुरुवारी ती येऊन म्हणाली, "बाईंनी विचारलं ते पाच दिवस आठवतात का. मला काहीच आठवत नाही, दादा. डिप्रेशनमध्ये निदान वाईट वाटल्याचं तरी आठवतं ना? मला रांगोळी आठवते आणि मग एकदम जिना."

दुपारची वेळ होती, आई मंदिरात गेली होती, बायको मुलीला आणायला शाळेत. मी तिला सांगितलं. चहा सांगितला, दोन गोळ्या सांगितल्या, मग एकेक, मग पुन्हा दोन. सहल सांगितली. शेजारची मुलगी सांगितली. डॉक्टरांसमोर गप्प बसलो ते आणि नव्या बाईंसमोर पुन्हा गप्प बसलो तेही सांगितलं.

ती ओरडेल, काहीतरी फोडेल असं मला वाटलं होतं. तिनं तसं काही केलं नाही. मग म्हणाली, "शेजारच्या मुलीनं?"

"आई म्हणाली तसं."

"आपल्या शेजारी तेव्हा मुलगीच नव्हती रे. दोघे मुलगे होते, दोघेही शेंबडे."

"हो."

"झोपवलंस त्याचा राग येतोय, पण तो कळतो मला. तुला लग्न करायचं होतं. पण त्या गुरुवारी वर तू माझ्याशेजारी उभा होतास आणि ते माझं डोकं खणत होते. तुला माहीत होतं की तिथं काही नाही, आणि तू खणू दिलंस." ती उठली. "हे मी बाईंना सांगणार. तू यायचं. मागे बसायचं."

मी गेलो, मागे बसलो. तिनं सांगितलं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या वहीतली एक ओळ आडव्या रेघेनं खोडली. मला काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गोळी बंद व्हायला आणखी चार महिने लागले. सुरू व्हायला एक मिनिट लागलं होतं.

तिच्या सगळ्याच अडचणी संपल्या असं नाही. ती अजूनही एखाद्या माणसाला देव करते आणि अजूनही तो देव कोसळतो. फक्त आता ती जागी असते. घरी चित्रकलेचे वर्ग घेते. वर्तुळ पूर्वीसारखं येत नाही, कुठेतरी एक बारीक कंप राहिलाय, आणि तो कुणामुळे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी दुकानात स्ट्रिपवरची नावं कापायचं बंद केलंय. स्ट्रिप देतो ती नावासकट. ज्या चिठ्ठीवर एकाच डोक्याच्या सात-सात गोळ्या असतात, तिथं डॉक्टरांना फोन करून का, किती दिवस, असं विचारतो. काही सांगतात. काही म्हणतात, तुम्ही दुकान सांभाळा. त्यांचा मला राग येतो, आणि तो राग मला हवा आहे, कारण तो यायला उशीर झालाय.

माझ्या मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला बायको बहिणीला म्हणाली, "ताई, दारात तुमची रांगोळी काढाल ना?"

"दादाला काढू दे," ती म्हणाली.

मी नाही म्हणालो. तिनं रांगोळीची वाटी माझ्या हातात ठेवली आणि खुर्ची टाकून दारात बसली. मी तासभर गुडघ्यांवर बसून मोर काढला. तो कोंबडीसारखा झाला, आणि एका पायाची कोंबडी. लासलगावचे काका, आता चांगलेच म्हातारे झालेले, काठी टेकत आले, वाकून बघत म्हणाले, "अरे, ही कुणी काढली?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच बहीण खुर्चीतून म्हणाली, "शेजारच्या मुलीनं."